टेबलावरचा थेंब

काळोख्या खोलीत कॅमेरा सुरू करून शलाकाने पडद्याकडे पाहिलं आणि ती चपापली. उंदराच्या रक्तात सोडलेलं रसायन निळ्या दिव्याखाली, प्राणवायू कमी असेल तिथेच लाल चमकतं. एरवी कॅन्सरची गाठ तेवढी चमकायची. आज अख्खा उंदीर शेपटीपर्यंत लाल होता.

“मेला असेल,” मागच्या खुर्चीतून करंदीकर सर जडावल्या आवाजात म्हणाले.

तिने उंदीर ठेवलेली पेटी उघडली. गुंगीतल्या उंदराच्या मिशा हलत होत्या. “नाही हो सर, जिवंत आहे!”

सरांची मान छातीवर कलली होती.

पेटीतला निळा उजेड टेबलावर पडला होता. तिथे मघाशी सुई भरताना तेच रसायन थेंबभर सांडलं होतं. उघड्या हवेत ते कधीच चमकत नाही. हा थेंब निखाऱ्यासारखा फुलत होता.

कोपऱ्यात बारीक फुसफुस चालली होती. यंत्राचं शून्य जुळवायला सरांनी उघडलेला नायट्रोजनचा सिलिंडर बंद करायचा राहिला होता; तो खोलीतल्या प्राणवायूची जागा घेत होता. आणि उजेड येऊ नये म्हणून दाराच्या फटी तिनेच टेप लावून बुजवल्या होत्या. घाबरायला हवं होतं, पण भीती वाटेचना. कसं हलकं, छान वाटत होतं.

तिने ओठ करकचून चावला, टेप ओरबाडून दार उघडलं आणि सरांची चाकांची खुर्ची बाहेर ओढली. आत थेंब विझला.

बऱ्याच वेळाने सरांनी डोळे उघडले.

“कशाला उठवलंस गं?” ते चिडून म्हणाले. “किती छान झोप लागली होती.”