कढईखालची आग

समुद्रावर निघायचं होतं आणि जाळं तीन ठिकाणी कापलेलं! कुणा वैऱ्यानं डाव साधला म्हणून शिव्या देत मी घरात शिरलो, तर दुसरीत शिकणारी माझी जागृती कपाटामागे दडून बसली होती. हातात तिच्या आईची कात्री.

"काय केलंस गो हे?"

तिनं कात्री पाठीमागे लपवली. "बाबा, तुम्ही मासे मारू नका! मेल्यावर यम तुम्हाला उकळत्या तेलात तळणार. शाळेतल्या नव्या पुस्तकात चित्र आहे."

आई तव्यावर मासे टाकायला लागली की पोर रडत बाहेर का पळायची, ते मला आता कळलं.

गेल्या महिन्यात पालकसभेत यावरूनच भांडण जुंपलं होतं. धर्माचं पुस्तक शाळेत हवं की नको? बाई म्हणाल्या होत्या, "मत देण्याआधी एकदा वाचून तरी बघा." मीच ओरडलो होतो, "देवाधर्माचं आहे, त्यात काय बघायचं? पोरांवर चार चांगले संस्कार होतील!" सगळ्यांत आधी हात माझा वर गेला होता.

आता मी ते पुस्तक दप्तरातून काढलं. नेमकं तेच पान आपोआप उघडलं. कढईत माणसं उकळत होती, त्यातल्या एकाच्या खांद्यावर जाळं होतं. कढईखाली मात्र आग नव्हती. तिथे कागदाला भोक पडलं होतं.

"मी खोडरबरानं विझवली," ती कुजबुजली. "पण माझ्या एकटीच्याच पुस्तकातली. वर्गात अजून बावीस पुस्तकं आहेत, बाबा."