तांडेलाचा नंबर

डायलिसिसच्या दोन मशीनपैकी एक बंद पडलेलं. उरलेल्या एकावर सकाळी पहिला नंबर जन्मभर मासेमारीची बोट चालवलेल्या जानू तांडेलांचा होता. तेवढ्यात काजूच्या बागेत घोणस चावून विषाने मूत्रपिंडं बंद पडलेला गडी आला आणि त्यालाच आत घेतलं. ते बरोबरच होतं. पण जानूंची मागची खेपही हुकली होती. पाय सुजलेले, बोलताना धाप. तक्रार मात्र नाही. बाकावर बसून लेकीला विचारत होते, "काय वाचतंस गो बाय?"

रुचिराची उद्या ऑपरेटिंग सिस्टिमची परीक्षा होती. "बाबा, प्रोसेसर एक आणि कामं ढीगभर. कुणाला आधी आत घ्यायचं ते सिस्टिम ठरवते. महत्त्वाचं काम आधी."

"आनी बिनमहत्त्वाचा?"

"ते थांबतं. महत्त्वाची येतच राहिली तर थांबूनच राहतं. त्याला उपासमार म्हणतात."

"आरे द्येवा. मग?"

"मग जितकं जास्त थांबेल तितका त्याचा मान वाढवत न्यायचा. कधीतरी ते सगळ्यांच्या वर येतंच."

"शाना हाय तुमचा कंप्युटर," जानू हसले आणि खोकत राहिले.

दुपारी दार उघडलं. सिस्टरने जानूंचं नाव घेतलं. रुचिरा पुस्तक मिटून उठली. बाकावर शेजारी पुढचा नंबर लावून बसलेल्या आवडाबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "आता माजी शेवटची एसटी काय गावत नाय."

"सिस्टर, हिला आदी घेवा," जानू म्हणाले.

"बाबा! सकाळपासून थांबलाय तुम्ही!"

"बोटीवरना तांडेल सगल्यांच्या मागून उतरतो, बाय."

सिस्टरने रुचिराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि आवडाबाईंना आत नेलं. जाताना त्यांनी हात जोडले. रुचिराला त्या हातांचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त. ती पाठ फिरवून वाचत बसली. रुसायचं तर हक्काच्या माणसावरच. मागे जानूंनी भिंतीला डोकं टेकलं. झोपलेत तर झोपू देत, तिला वाटलं.

संध्याकाळी पुन्हा जानूंचं नाव आलं.

"उठा. आणि आता कुणाला देऊ नका," मागे न बघता रुचिरा म्हणाली.

जानू उठले नाहीत. सिस्टरने येऊन मनगट धरलं. डॉक्टर धावत आले, छातीवर बराच वेळ दाबत राहिले, मग थांबले.

आत मशीन धुऊन तयार होतं. सिस्टर क्षणभर दारात उभी राहिली. मग हळू आवाजात तिने पुढचं नाव घेतलं.