गुणी पोरगा

या माउली, जरा जवळ सरका. एका लेकीची गोष्ट सांगते, छोटीशीच आहे.

कॉलेजातल्या मित्राशी तिनं नातं तोडलं, तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "माझी नाहीस, तर कुणाचीच नाहीस." घाबरून तिनं नंबर बदलला, खोलीही बदलली. पण गावी आईच्या जिवाला घोर नको, म्हणून आईला एवढंच सांगितलं, की नवी खोली कॉलेजला जवळ पडते.

रविवारी दुपारी आईचा फोन आला. "काय गं भवाने, इतक्या गुणी पोराशी अबोला धरतात का? काल घरी आला होता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. म्हणे, काकू, एकदाच तिची माफी मागू द्या. माझं तर काळीजच पाघळलं बाई!"

"आई, तू त्याला पत्ता दिलास?"

"पत्ता दिला, आणि तुझी माझ्याकडे ठेवलेली जादा किल्लीपण दिली. म्हटलं, जा, न सांगताच जा, खूश होईल पोरगी!"

 

तिच्या पाठीमागे दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली.

माउली, तुमची लेक "सगळं ठीक आहे" म्हणेल ना, तेव्हा हिची आठवण ठेवा.