वाढत्या अंगाचं माप

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून हजेरीवाल्या बाई दारातच थांबल्या. तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाशी भांडणार कसं?

शाळेत न येणारी पोरं हुडकायची, हे बाईंचं काम. आणि इथं शिंप्याची लेक बटणी स्टुलावर उभी, अंगात शाळेचा नवाकोरा झगा.

"मास्तर, ही माझी तिसरी खेप. गणवेश अंगावर आणि पोर घरात! काय म्हणायचं ह्याला?"

"ट्रायल म्हणायचं." शिंप्यानं टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. "सगळ्या पोरींचे गणवेश हिच्याच अंगावर बेततो मी."

"उद्या ही वर्गात दिसली पाहिजे. कायदा आहे."

"पोर माझी आहे बाई. हिची दुपटी काय सरकारनं धुतली?"

"नसतील धुतली. पण उद्या ही आली नाही, तर तुम्हाला साहेबांपुढं उभं करावं लागेल. मला काय हौस आहे?"

"घरी शिकवतो की. अख्खी गल्ली मला मास्तर म्हणते, ती काय उगीच?"

बाईंना हसू फुटलं. मग आपण हसलो म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. "अहो, पण तुम्हाला भीती कसली वाटते?"

शिंप्यानं उगाच मशीनचं चाक फिरवलं. "थोरल्याला घातलं होतं शाळेत. शिकला, चांगला शिकला. मग ह्या घरात मावेना. निघून गेला."

ह्यावर काय बोलायचं, ते बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हिलाच विचारू या का?"

दोघं बटणीकडे बघायला लागले. तिन्ही खेपांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बटणीनं जरा विचार केला. "शाळेतून परत घरी सोडतात का?"

"सोडतात की. दुपारी."

"मग भांडताय कशाला?"

बाई उंबऱ्यापाशी जाऊन वळल्या. "उद्या... पाठवा हं," म्हणाल्या. दटावायला आलेलं माणूस विनवणी करून गेलं.

आपण जिंकलो की हरलो, शिंप्याला काही उमगेना. शेवटी त्यानं बटणीच्या गणवेशासाठी कापड ओढलं, खडूनं रेघ मारली आणि कात्री घातली. गिऱ्हाईक कुणीही असो, त्याचं एक ठरलेलं बोलणं असायचं, "वाढत्या अंगाचं पोर आहे, खाली चार बोटं दुमड सोडतो. पुढच्या वर्षी उसवून घ्या." गेली कित्येक वर्षं त्याची कात्री ती चार बोटं आपसूक सोडत आली होती.

दिवस कलायच्या आत झगा झाला. बटणीनं घातला, गरकन फिरली. कसा अगदी अंगाबरोबर बसला होता! मग बापासारखीच खाली वाकून तिनं घेर उलटून पाहिला.

"बाबा, सगळ्यांना दुमड सोडता. मला का नाही सोडली?"

शिंपी गुडघ्यांवर बसला. घेर उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. काठ मोडायपुरतं कापड सोडलं तर खाली बोटभरही शिल्लक नव्हतं.

"असं कसं झालं गं?" त्यानं तिलाच विचारलं.