सासऱ्यांनी दिलेली नजर

"चष्मा घालवायचाय तो कशासाठी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "एखाद्या नोकरीसाठी वगैरे?"

ती तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी बसलेले सासरे म्हणाले, "नोकरीचं काही नाही हो. लहानपणापासून नाकावर ओझं वागवून पोर कंटाळलीय, दुसरं काय!"

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, ड्रायव्हरच्या परीक्षेचं का नाही सांगितलंत?"

"काम होईस्तोवर बोभाटा करू नये, सूनबाई. ताईलाही आत्ताच बोलू नकोस. एकदम निवडीचीच बातमी दे."

ताई म्हणजे त्यांची थोरली लेक. ती लांबच्या गावी असायची, माहेरी क्वचितच यायची. फोन मात्र भावाला आणि वहिनीला नेमानं करायची.

सासऱ्यांनी उभा जन्म रेल्वेचं इंजिन चालवण्यात घालवला होता. सून त्याच रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांची वायरिंग दुरुस्त करायची. चष्म्यामुळे शेडमध्ये तिला सगळे ढापणी म्हणायचे. दिवसभर इंजिनाच्या पोटात डोकं घालून काम करायचं आणि संध्याकाळी तेच इंजिन दुसऱ्याच कुणीतरी चालवत न्यायचं, हे तिला सलायचं. म्हणून तिनं ड्रायव्हरसाठी अर्ज केला. लेखी परीक्षेत ती पहिली आली. तेव्हा सासऱ्यांनी तिला समोर बसवलं होतं.

"अमुक नंबरापर्यंत चष्मा चालतो, असं ते लिहितात खरं. पण समोर चष्मेवाली बाई उभी राहिली की तपासणारा नाक मुरडणारच. त्याला बोट ठेवायला जागाच कशाला द्यायची? लेझर करून टाक. माझ्याकडून भेट समज."

तिच्या स्वतःच्या वडिलांनी तिला सायकलसुद्धा घेऊन दिली नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लाल ठिपका दिसेल. त्याच्यावरची नजर काढायची नाही." तिनं काढली नाही. कुठूनसा जळका वास आला. तो आपल्याच डोळ्याचा, हे तिला कळलं. पण ती हलली नाही. सिग्नल बघताना पापणी लवता कामा नये, असं सासऱ्यांनीच शिकवलं होतं.

नंतरचे दिवस तिनं पडदे ओढलेल्या खोलीत काढले. नवरा कामावर जायचा आणि सासरे वेळच्या वेळी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे. कधी इंजिनाच्या तेलाचे काळे डाग त्यांच्या हाताला लागलेच नसतील, इतका त्यांचा हात हलका होता. थेंब घालता घालता ते मार्ग तोंडपाठ करून घ्यायचे. या वळणानंतर चढ, पुलाच्या अलीकडे वेग कमी, बोगद्यातून बाहेर आलं की ऊन डोळ्यांवर येतं.

"बाबा, तुम्ही माझे सासरे आहात की मास्तर?"

"दोन्ही. म्हणून तर दुप्पट ओरडतो."

ती शेडमध्ये परतली, तेव्हा मुकादम म्हणाला, "काय ढापणी, आता मी दिसतो ना नीट?"

"दिसताय. चष्म्यातून बरे दिसत होतात."

सगळी शेड हसली. ती दारात जाऊन उभी राहिली. यार्डाच्या टोकाचा सिग्नल नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, कोरल्यासारखा लख्ख. तिला रडू आलं.

तपासणीच्या दिवशी तिनं तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ धडधडा वाचली. रेल्वेच्या डॉक्टरांनी मान डोलावली, यंत्रातून तिचे डोळे पाहिले आणि मग ते थांबले.

"लेझर केलंय?"

"हो," ती अभिमानानं म्हणाली.

त्यांनी यंत्र बाजूला सारलं. "लेझर केलेला डोळा ड्रायव्हरसाठी चालत नाही, बाई. कायमचा बाद. तुमच्या कागदांवरचा आधीचा नंबर नियमात बसत होता, चष्म्यावर तुम्ही पास झाला असतात." मग जरा मऊ आवाजात ते म्हणाले, "कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

परतताना तिच्या मनात एकच विचार घोळत होता. बाबांना हे कळता कामा नये. ते निवृत्त झाल्यावर नियम बदलला असेल, त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? आपल्या हौसेपायी सुनेच्या पायावर धोंडा पडला हे त्यांना कळलं, तर म्हातारा अन्नपाणी सोडेल.

दारातच त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"नापास," ती म्हणाली. "रंग ओळखताना गडबडले. माझीच चूक."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे, पोरी. शेडमधली नोकरी काय वाईट आहे? संध्याकाळी घरी तर येतेस." आणि ते तिच्यासाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. आतून त्यांच्या गुणगुणण्याचा आवाज येऊ लागला. आपलं मन रमवायला म्हातारा गातोय, असं वाटून तिला भरून आलं.

फोन वाजला. नणंद होती.

"धाकट्यानं आत्ता सांगितलं, वहिनी. ड्रायव्हरची परीक्षा दिलीस, मला एका शब्दानं बोलली नाहीस!"

"पास झाल्यावर सांगणार होते, ताई."

"कशात गेलीस? डोळ्यांत?"

"हो." तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रंगांचं मी बाबांना खोटंच सांगितलंय. लेझर चालत नाही म्हणाले. पण त्यांना कळू देऊ नका हं, त्यांनीच हौसेनं करून दिलं होतं. त्यांना सहन नाही व्हायचं."

स्वयंपाकघरातलं गुणगुणणं तेवढं ऐकू येत होतं.

"ताई? आहात ना?"

"मलाही इंजिनच चालवायचं होतं, वहिनी," नणंद म्हणाली. "माझंही लेझर बाबांनीच करून दिलं होतं."