नारळी पुनवेची पाळी

इंजिन बंद झालं आणि बोटीवरची सगळी माणसं एका कडेला गोळा झाली. समोर, हिमनदी समुद्राला मिळते तिथे, बर्फाचा कडा उभा होता. निळसर, आठ-दहा माड एकावर एक ठेवावेत एवढा उंच.

"आता काय करायचं गो?" कान्हूने नातीला विचारलं.

"थांबायचं. तो पडेपर्यंत."

"पडायची वाट बघतात?"

"मग? त्यासाठीच तर आलोय, आजोबा!"

कान्हूला हसू आलं. पेणच्या खाडीकाठी त्याचा जन्म भिंत पडू नये म्हणून जागण्यात गेला होता.

मुलाने, अमोलने, त्याला महिन्यासाठी अमेरिकेला आणलं होतं. सकाळपासून मृणालीने आजोबाला व्हेलची शेपटी दाखवली, पाण्यावर उताणी झोपणारी पाणमांजरं दाखवली, बर्फाच्या लादीवर पिल्लाला कुशीत घेऊन पडलेली सील दाखवली. आता शिकवायची पाळी त्याची होती.

"आपल्याकडे मातीचा बांध. अलीकडे भात, पलीकडे खाडी. उधाण आलं की एकेका घराने रात्रभर बांधावर चालायचं. चिंबोरीचं बीळ दिसलं की चिखल घालायचा आणि टाचेने दाबायचा. अस्सा." त्याने डेकवर टाच दाबून दाखवली. मृणालीनेही दाबली. "चिंबोरी एवढीशी. पण तिच्या बिळापासून बांध फुटतो, खांड पडते आणि आख्खी खाडी आत येते. नारळी पुनवेची पाळी आपल्या घरची. माझ्या आज्यापासून. आज तीच रात हाय. औंदा माझ्या भावाला, जनूला, चालायला सांगून आलोय."

"पण जनूआजोबा नाही जाणार."

"का गो?"

"पप्पांनी काल फोनवर सांगितलं ना त्यांना. जाऊ नको काका, निवांत झोप."

कान्हूने अमोलकडे पाहिलं. अमोलच्या डोळ्याला कॅमेरा होता.

"पोर काय बोलते रे?"

"खरं बोलते."

"तिकडं आता मध्यान रातची भरती असंल. बांधावर कोणीच नाय?"

"नाय."

"अरे, लावणी झालेय! खारं पाणी शिरलं तर तीन वर्षं दाणा नाय पिकायचा."

"तेच पाहिजे." अमोलने डोळ्यावरून कॅमेरा काढला नाही. "किती वर्षं सांगतोय, जमीन कंपनीला दे आणि रोह्याच्या ब्लॉकात सुखाने राहा. सगळं गाव तयार. तू एकटाच आडवा. तुझ्या सख्ख्या भावाने उगाच माझं ऐकलं काय?"

"फोन लाव जनूला. आत्ता."

"इथे रेंज नाय, बाबा. म्हणून तर बोटीचं आजचंच तिकीट काढलं."

तेवढ्यात कड्यातून आवाज आला. आतून काहीतरी तुटल्याचा, खोल.

"खांड गेली! धावा रे, खांड गेली!"

कान्हू ओरडला तेव्हा तो वाकलेलाही होता. दोन्ही हात चिखल शोधत होते आणि हाताला थंड लोखंड लागत होतं. दोघं-तिघं वळून बघू लागले. कोणीतरी हसलं.

"ऊठ," अमोल दातांतल्या दातांत म्हणाला. "लाज आणू नको."

मग आख्खा कडाच खाली आला. बोटीवर एकच जल्लोष झाला. पाणी फुगलं, लाट सुटली, सीलची लादी तिरकी होऊन उलटली. थोड्या वेळाने आईचं डोकं वर आलं. ते इकडे वळलं, तिकडे वळलं. पिल्लाचं डोकं वर आलं नाही. टाळ्या अजून चालूच होत्या.

"आजोबा, तुम्ही का नाही वाजवत?"

कान्हू कठड्याला धरून पाण्याकडे बघत होता. त्याला थंडी वाजत असावी, असं मृणालीला वाटलं. तिने त्याची बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली, दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि एकावर एक आपटून त्याच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या.