प्रणितच्या मेंदूचे काप

सूक्ष्मदर्शकाखाली प्रणितच्या मेंदूचे काप अजून जिवंत होते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा डॉक्टरांनी प्रयोगशाळेत पाठवला होता. माधुरीने त्याचे पातळ काप करून पोषक द्रवात ठेवले होते. एकेका कापावर एकेक औषध घालायचं आणि झटके कशाने थांबतात ते शोधायचं, हे तिचं काम.

प्रणित तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ती बहीण, अक्षदा, म्हसा गावातल्या विहिरीत मेलेली सापडली होती. गळ्यावर बोटांचे वण होते. पुढे काही महिन्यांतच प्रणितला फिट यायला लागल्या. मग तो माणसंही ओळखेनासा झाला. दिवसभर भिंतीकडे बघून बडबडायचा.

"देवानंच न्याय केला," माधुरीची आई जना म्हणायची.

प्रणितची आई रंभा दारात येऊन रडली, तेव्हा जना आतूनच ओरडली, "हाकल तिला!"

पण माधुरी म्हणाली, "मावशी, त्याला मुंबईला आणा. मी बघते."

रंभा गेल्यावर जनाने लेकीकडे निरखून पाहिलं. आवाज खाली आणत म्हणाली, "आता तुझ्या हातात हाय गो तो. सोडू नको."

"नाय सोडणार."

मुंबईत शस्त्रक्रिया झाली, पण कापांवर घातलेली सुरुवातीची औषधं वाया गेली. माधुरी सुट्टीतही कापांपाशी बसून राहिली. अखेर एका औषधाने पेशींचे झटके दाखवणारी पडद्यावरची पिसाळलेली रेघ शांत झाली. पेशी मेल्या नव्हत्या, नुसत्या निवल्या होत्या. तिने पुन्हा करून पाहिलं आणि डॉक्टरांना कळवलं.

औषध प्रणितला लागू पडलं. तो आईला हाक मारू लागला, हाताने जेवू लागला.

"माझ्या पोरीचा जीव घेतला त्यानं, आन तू त्याला बरा केलास?" जना म्हणाली. त्यानंतर ती लेकीशी बोललीच नाही.

हॉस्पिटलात रंभाने माधुरीचे हात कपाळाला लावले. "तू देवीच गो माझी."

माधुरी हात सोडवून खाटेपाशी गेली.

"मला ओळखलंस?"

"माधुरीताई."

"अक्षदाचं काय झालं, आठवतं?"

प्रणितने मान खाली घातली. "आठवतं."

माधुरीने दार उघडलं. बाहेर बाकावर मुरबाडचे फौजदार बसले होते.

"साहेब, आरोपी भानावर आलाय, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय," ती म्हणाली. "वेडा ठरवून थांबवलेला खुनाचा खटला आता चालू करा."